कल्पित जगातला सण रचताना: देवाआधी कामाचं वेळापत्रक

कादंबरीसाठी, दिवाळी अंकातल्या दीर्घकथेसाठी किंवा मित्रमंडळींच्या खेळासाठी नवं जग उभं करताना बहुतेकांचा क्रम ठरलेला असतो. नकाशा काढायचा, राजघराणी ठरवायची, चार-पाच देव घडवायचे आणि प्रत्येक देवापुढे एक ओळ लिहायची: 'वसंतात देवीचा उत्सव. लोक दिवे लावतात, नाचतात, मिरवणूक निघते.' ही ओळ कुठल्याही देवीला चिकटवा, चिकटते. अडचण तिथेच आहे. दिवे सगळीकडे लागतात, मिरवणूक सगळीकडे निघते. वाचकाला हे याच गावात, याच महिन्यात, याच देवीसाठी का चाललंय ते कळत नाही, आणि लिहिणाऱ्यालाही कळलेलं नसतं.

खाली दिलेली पद्धत उलटी आहे. तीत देव तिसऱ्या पायरीवर येतो. प्रत्येक पायरीला आपल्याकडचे खरे सण तपासून बघू आणि सोबत एक कल्पित सण बांधत जाऊ. जग असं धरा: समुद्र वर्षातले सात महिने भरलेला असतो आणि पाच महिने मैलोन् मैल मागे हटतो. उघड्या पडलेल्या तळावर 'तळपाट' नावाचं साठ घरांचं, तीनशे माणसांचं गाव आहे. लोक तिथे मीठ पिकवतात आणि समुद्र परतायच्या आत गाव सोडून किनाऱ्यावर जातात. देवी ओलाई. सण घरमोकळी.

पायरी १: काम कधी थांबतं ते बघा

पोळा श्रावणी अमावास्येला येतो, कारण तोवर खरिपाची पेरणी, कोळपणी उरकलेली असते आणि बैलाच्या मानेवरचं जू काही दिवस तरी उतरतं. त्याच बैलांचा सण दक्षिण महाराष्ट्रात बेंदूर म्हणून आषाढातच होतो. नारळी पौर्णिमा श्रावणात, कारण पावसाचा जोर ओसरायला लागतो आणि होड्या पाण्यात लोटायची वेळ जवळ येते. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आता १ जून ते ३१ जुलै अशी सरकारी मासेमारीबंदी असते. तारखा सरकारच्या असल्या तरी तिच्यामागचा पावसाळा तोच आहे, ज्याने हा सण श्रावणात नेऊन ठेवला.

तेव्हा एक कागद घ्या. तुमच्या जगात जितके महिने तितके रकाने पाडा. प्रत्येक रकान्यात चार गोष्टी लिहा: या महिन्यात काम काय, घरात खायला काय, भीती कशाची, आणि गावाबाहेर कोण गेलेलं आहे. शेवटची नोंद बरेच जण गाळतात. ती गाळू नका. पुरुष महिनोन् महिने मासेमारीला किंवा लढाईला गेलेले असतील, तर त्या काळातला सण बायका-मुलांचा आणि म्हाताऱ्यांचा होणार. त्याची गाणी वेगळी, त्यातले टोमणेही वेगळे.

आता जिथे हात मोकळे आहेत, घरात धान्य आहे किंवा भीती टोकाला गेली आहे, असा महिना शोधा. तिन्ही गोष्टी एकत्र क्वचितच मिळतात. दोन मिळाल्या तरी पुरे. तळपाटाचा शेवटचा महिना बघा. मिठाच्या राशी लागल्यात, धान्य बाहेरून आलेलं आहे आणि पाणी चार दिवस आधी आलं तर सगळंच गेलं, ही धास्ती आहे. हात मात्र मोकळे नाहीत, कारण मीठ होड्यांत भरायचं आहे. म्हणजे घरमोकळी हा निवांत सण होऊच शकत नाही. तो बांधाबांधीचा, घाईचा, कावलेल्या माणसांचा सण आहे. देवीचा एकही गुण ठरवलेला नसताना सणाचा स्वभाव हाती आला.

पायरी २: तारीख ठरवा, आणि ती कोण सांगतं तेही ठरवा

चांद्र वर्ष साधारण ३५४ दिवसांचं, सौर वर्ष ३६५ दिवसांचं. दरवर्षीची अकरा दिवसांची ही तूट भरून काढायला आपण साधारण पावणेतीन वर्षांनी अधिक महिना धरतो. २०२३ मध्ये अधिक श्रावण होता. इस्लामी पंचांगात अशी भर घालत नाहीत, म्हणून रमजान सगळ्या ऋतूंमधून फिरतो. तुमचा सण ऋतूला बांधलेला असेल तर त्या जगात कुणीतरी ही तूट भरलीच पाहिजे. त्या भरण्यातूनही सण जन्माला येतो. पुरीच्या जगन्नाथाच्या मूर्ती अधिक आषाढ येईल अशाच वर्षी नव्या घडवतात. त्याला नवकलेवर म्हणतात. १९९६ नंतर तो योग थेट २०१५ मध्ये आला. एका आयुष्यात तीन-चार वेळाच दिसणारा सोहळा कथेला केवढा उपयोगी आहे, ते वेगळं सांगायला नको.

त्याहून उपयोगी प्रश्न म्हणजे तारीख कोणाच्या हातात आहे. प्राचीन रोममध्ये जादा महिना कधी घालायचा हे पुरोहित मंडळ ठरवत असे आणि त्यात राजकारण शिरलं. कुणाची कारकीर्द लांबवायची, कुणाची आखडायची, तसा महिना घातला किंवा गाळला जाई. शेवटी पंचांग ऋतूंपासून इतकं ढळलं की ते जागेवर आणताना ज्युलियस सीझरला इ. स. पू. ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं.

तळपाटात गावाबाहेर एक दगडी खांब आहे, त्यावर खुणा आहेत. पाणी तिसऱ्या खुणेला टेकलं की सातव्या दिवशी घरमोकळी. खूण बघतो तो खांबदार. मिठाचा व्यापारी त्याच्याकडे रात्री येऊन म्हणतो, 'दोन दिवस उशिरा टेकलं म्हण की.' दोन दिवसांत किती होड्या मीठ जास्त निघेल हे दोघांनाही ठाऊक आहे. तुम्हाला आता राक्षस, शाप, भविष्यवाणी यातलं काहीही नको. कथानक मिळालं.

पायरी ३: आता देव

देवाची खाती वाटत बसू नका. 'समुद्राची देवी, रंग निळा, चिन्ह शंख' हे तक्त्यात शोभतं, सणात त्याचा उपयोग नाही. सणासाठी तीन गोष्टी लागतात: देवाचं माणसांशी नातं काय, या दिवसात तो कुठे असतो, आणि त्याला काय चालत नाही.

भाद्रपदात गौरी येतात त्या माहेरवाशिणी म्हणून. अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन. लेक तीन दिवस माहेरी यावी तसा सगळा बेत. हे नातं ठरलं की बाकीचं आपोआप येतं. दारापासून पावलं उमटवायची, 'गौर आली, कशाच्या पावलांनी आली' म्हणायचं, घर दाखवायचं, दुसऱ्या दिवशी गोडाधोडाचं जेवण. कोकणात कित्येक घरी गौरीला तिखटाचा, म्हणजे मटणाचा किंवा माशांचा नैवेद्य असतो. लेकीला आवडतं ते करायचं, यात वावगं काय? एकाच देवीच्या ताटात पुरणपोळीही आणि मटणही, घराघराप्रमाणे. कल्पित जगात अशी तफावत ठेवायला लिहिणारे घाबरतात. ठेवा. सगळं राज्य एकाच पद्धतीने सण करतं असं दिसलं की ते सरकारी परिपत्रक वाटतं.

देव कुठे असतो, यालाही महत्त्व आहे. आषाढी एकादशीला विष्णू झोपतो आणि कार्तिकी एकादशीला उठतो. जपानी परंपरेत दहाव्या चांद्र महिन्यात सगळे देव इझुमोला जमतात, म्हणून इतरत्र त्या महिन्याला देव नसलेला महिना म्हणतात. देव जागेवर नसताना लोक काय करतात आणि काय करून घेतात, यावर आख्खी कादंबरी उभी राहील.

ओलाईचं काय? ती घराची मूळ मालकीण आहे. जमीन तिची, लोक पाच महिन्यांचे भाडेकरू. ती रागीट नाही, पण घरी आल्यावर दार लावलेलं तिला चालत नाही. एवढं पुरे. तिची जन्मकथा, तिचे भाऊ, तिचं वाहन यांची गरज पडलीच तर बघू.

पायरी ४: मान कोणाचा?

सण जिवंत आहे की नाही हे बघायची माझी एकच कसोटी आहे. त्यात भांडायला जागा आहे का? देवावरून माणसं फारशी भांडत नाहीत. पालखीला पहिला खांदा कोणाचा, नारळ कोणी वाढवायचा, विडा आधी कोणाला, यावरून पिढ्यान् पिढ्या अबोला धरतात, कोर्टात जातात. पोळ्याच्या तोरणाखालून पहिली जोडी मानाची. ती कोणाची हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं.

वाटपाच्या पद्धती मुख्यतः तीन. पहिली वंशपरंपरेची. दुसरी देवावर सोपवलेली. वाई तालुक्यातल्या बावधनला रंगपंचमीला भैरवनाथाचं बगाड, म्हणजे उंच खांबाला माणूस टांगून बैलांनी ओढायचा लाकडी गाडा, निघतं, तेव्हा बगाडावर कोण चढणार हे कौल लावून ठरतं. तिसरी नियमबद्ध संघटनेची, आणि तिचा अभ्यास करायचा तर पंढरीच्या वारीइतकं दुसरं उदाहरण नाही. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखी सोहळ्याला आजची शिस्त हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात लावून दिली. रथापुढे २७ दिंड्या, बाकीच्या रथामागे, प्रत्येकीचा क्रमांक ठरलेला, कोणी कोणाच्या पुढे जायचं नाही.

या सोहळ्यातली समाजआरती नीट बघा. दिवसभर चालून पालखी तळावर येते, दिंड्या भोवती उभ्या राहतात, टाळ-मृदंगाचा गजर टिपेला गेलेला असतो. चोपदार हातातला चोप उंच धरून 'होऽऽ' अशी आरोळी देतो आणि एका क्षणात सगळं थांबतं. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असली तर ती टाळ वाजवतच राहते. सगळा तळ गप्प, आणि एका कोपऱ्यातून टाळांचा आवाज. मग चोपदार तिथे जातात, गाऱ्हाणं ऐकून घेतात, समजूत घालतात, तेव्हा ते टाळ थांबतात. हरवल्या-सापडल्याच्या वस्तू पुकारल्या जातात, उद्या पालखी कधी हलणार ते सांगितलं जातं आणि मग आरती. तक्रार निवारण, पोलीस चौकी आणि सूचना फलक हे सगळं एका विधीत बसवलेलं आहे, तेही लाखोंच्या गर्दीत. तुमच्या सणात गाऱ्हाणं मांडायची अशी एक जागा ठेवा. पात्राला भर समाजात, नियम न मोडता बंड करायची सोय होते.

तळपाटात दोन आळ्या आहेत. खालच्या आळीत पाणी आधी शिरतं म्हणून ती आधी निघते, वरची शेवटी. मुळात ही निव्वळ सोय. शंभर वर्षांत तिचा मान झाला. वरची आळी म्हणते, शेवटपर्यंत गाव राखतो ते आम्ही, थोरले आम्ही. खालची म्हणते, ओलाई पहिलं पाऊल आमच्या उंबऱ्यात टाकते, तुमच्याकडे येते ती उरलीसुरली. दोघांचंही म्हणणं बरोबर आहे. तसंच असू द्या.

पायरी ५: आदला दिवस, मुख्य दिवस, दुसरा दिवस

नवखे लेखक फक्त मुख्य दिवस लिहितात. खरा सण आदल्या संध्याकाळी सुरू होतो. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदमळणी असते. जुवाने घासून निबर झालेला बैलाचा खांदा हळद आणि तुपाने किंवा तेलाने चोळायचा आणि त्याला सांगायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.' वर्षभराच्या जखमेवर औषध आणि पाहुण्याला आमंत्रण, दोन्ही एकाच हाताने.

दुसरा दिवस उलट स्वभावाचा असतो. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे मोठे पुतळे, निघतात, सोबत बडगे नावाचे टवाळीचे पुतळे असतात. त्यांत पुढाऱ्यांची, महागाईची, त्या वर्षी जे काही खुपलं त्याची यथेच्छ टर उडवतात. 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' असं ओरडत पुतळे गावाबाहेर नेऊन जाळतात. आदल्या दिवशी भक्ती, दुसऱ्या दिवशी शिव्या. त्याच दिवशी पोरं लाकडी बैल घेऊन तान्हा पोळा साजरा करत असतात.

घरमोकळीचा क्रम मी असा लावतो. आदल्या रात्री दारांची कवाडं बिजागरीतून काढून होडीत आडवी घालायची. लाटांनी ती फुटू नयेत हे व्यवहाराचं कारण, मालकिणीला दार उघडं मिळावं हे धर्माचं. अशी दोन्ही कारणं लागू पडणारी कृती सापडली की ती सणाचा कणा करा. पहाटे चुलीतला निखारा मडक्यात घ्यायचा. मग उंबऱ्यावर मूठभर मीठ ठेवायचं, ते भाडं. दुपारी बांधावर एकत्र जेवण. उन्हं कलली की खालची आळी निघते, दिवेलागणीला वरची. किनाऱ्यावर पोचल्यावर गणती: माणसं, शेळ्या, कोंबड्या. 'मागे वळून बघायचं नाही' असा नियम घालायचा मोह होईल. आवरा. तो दर दुसऱ्या कथेत असतो. त्यापेक्षा कोणाची कोंबडी राहिली आणि ती आणायला कोण परत गेलं ते लिहा.

हे फार काल्पनिक वाटत असेल तर मालवण तालुक्यातल्या आचऱ्याची गावपळण आठवा. दर काही वर्षांनी श्रीदेव रामेश्वराचा कौल घेऊन सगळं गाव गुरंढोरं, कुत्री, कोंबड्यांसकट वेशीबाहेर जातं आणि तीन दिवस, तीन रात्री झोपड्या, राहुट्या बांधून राहतं. परत यायलाही कौल लागतो.

पायरी ६: ताटात काय?

इथे हिशेब करा, अगदी किलोत. तीनशे माणसं, माणशी दीडशे ग्रॅम तांदूळ धरला तर ४५ किलो. तो शिजवायला निदान शंभर लिटर पाणी. तळपाटात चारी बाजूंना खारं पाणी. म्हणजे गोडं पाणी होडीतून येतं, पखालींतून येतं, विकत येतं. मग तांदळापेक्षा पाणीच महाग. हे आकडे मांडले तेव्हा कुठे नैवेद्य सुचला. ओलाईला गोडं पाणी दाखवायचं, समुद्राला जे कधी मिळत नाही ते. प्रत्येक घरातून एक वाटी. कोणाची वाटी काठोकाठ, कोणाची अर्धी, कोणी खारं मिसळलेलं, हे शेजारीण बरोबर हेरते.

वर्ज्य काय तेही बघा. चातुर्मासात कांदा, लसूण, वांगी सोडणारी माणसं चंपाषष्ठीला खंडोबाला वांग्याचं भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवतात आणि मग स्वतः खायला सुरुवात करतात. चार महिने न मिळालेल्या वांग्याला जी चव असते ती पक्वान्नाला नसते. सणाला छप्पन्न पदार्थ देण्याऐवजी आधी एक पदार्थ काढून घ्या.

पायरी ७: पैसा आणि घोष

खर्चाची वाट दाखवा: घरपट्टी, वर्गणी, मीठ व्यापाऱ्याची देणगी. देणगी आली की तिच्यामागे अटी आल्या, दुसऱ्या पायरीवरचा व्यापारी इथे पुन्हा उपयोगी पडतो.

घोष लहान ठेवा. 'येळकोट येळकोट जय मल्हार' तीन-चार शब्दांत सगळा गड दणाणतो. पंचवीस कडव्यांचं स्तोत्र रचू नका, वाचणारा ते ओलांडून जातो. चढणीवर धापा टाकत म्हणता आलं पाहिजे, लहान मुलाला चुकीचं पाठ होऊन मोठ्यांना हसू आलं पाहिजे.

पायरी ८: सणाला वय द्या

सण बदलत असतो. प्राचीन इजिप्तमध्ये नाईलच्या पुराच्या ऋतूत थीब्जला ओपेतचा उत्सव होई. अमुन देवाची मूर्ती नौकेच्या आकाराच्या पालखीतून कर्नाकहून लक्सरच्या देवळात जाई. तिसऱ्या थुतमोसच्या काळात हा उत्सव ११ दिवसांचा होता, सुमारे तीनशे वर्षांनी तिसऱ्या रामसेसच्या कारकिर्दीअखेर २७ दिवसांचा झाला. दिवस वाढले म्हणजे देवळाची कोठारं वाढली, पुरोहितांचं वजन वाढलं. तुमच्या सणाचे दिवस वाढलेत की घटलेत, आणि ते कोणाच्या फायद्याचं होतं, हे एका वाक्यात ठरवून टाका.

मग एक वाईट वर्ष कल्पा. पाणी तिसऱ्या खुणेवरून थेट पाचव्या खुणेवर आलं आणि जेवण झालंच नाही. त्या वर्षी काय केलं? कोणीतरी होडीतच वाटीभर पाणी समुद्रात ओतलं असेल. पुढच्या वर्षीपासून काही घरं होडीतूनच पाणी ओतायला लागली आणि बांधावर ओतणारे त्यांना नावं ठेवतात. पंथ असेच फुटतात. त्यासाठी धर्मग्रंथाची दोन भाष्यं लिहायची गरज नाही.

पायरी ९: पानावर उतरवताना

सण पाहुण्याच्या नजरेतून दाखवायचा मोह सोडा. 'प्रवासी गावात येतो, म्हातारा त्याला सगळं समजावून सांगतो' ही युक्ती झिजून गेली आहे. ज्याच्या अंगावर काम आहे त्याच्या मागे लागा. निखाऱ्याचं मडकं सांभाळणारी नवी सून घ्या: मडकं तापलंय, वाऱ्याने विझेल म्हणून पदराआड धरावं तर हात भाजतो, आणि सासूचं लक्ष बरोबर तिच्याकडेच. तिला ओलाईची कथा आठवायला फुरसत नाही. वाचकाला मात्र निखाऱ्याची किंमत कळते.

जमवलेल्या माहितीतली फार तर पाव माहिती प्रकरणात येऊ द्या. खांबदाराच्या खुणा, आळ्यांचं भांडण, पाण्याची वाटी यांतलं एकच ठळक करा, बाकीचं बोलण्याच्या ओघात निसटू द्या. प्रकरण झालं की त्यातली ओलाईचं नाव असलेली वाक्यं तात्पुरती झाकून वाचा. उरलेल्या मजकुरावरून हा सण दुसऱ्या कुठल्या गावात हलवता येत असेल, तर पहिल्या पायरीवरचा तक्ता पुन्हा काढा.

आणि दुसऱ्या सणाला हात घालायच्या आधी होड्यांचं लाकूड ठरवा. साठ घरांचं सामान, कवाडं आणि वर्षाचं मीठ नेणाऱ्या होड्या खारट तळावर उगवत नाहीत. ज्याचं रान त्याचा तळपाटावर हक्क निघतो, आणि घरमोकळीच्या जेवणात त्याच्या माणसाला कुठल्या पंगतीला बसवायचं हे अजून ठरलेलं नाही.